औषधाला दाद न देणारं डोकं

"डोकं दुखतंय" हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा बोलले आहे की आता ते बोलायचाही कंटाळा येतो. पूर्वी लोक थांबून विचारायचे, कुठं दुखतं, कसं दुखतं, ठणकतं की जड होतं. आता "बरं, पड जरा" म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. त्यांना तरी काय बोल लावणार? रोजच्या दुखण्याची रोज कोण चौकशी करतं?

आमचं गाव आखाडा बाळापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडं आत. घरी हळद, थोडा कापूस, दोन म्हशी. मी बाळापूरला एका संस्थेच्या शाळेत विज्ञान शिकवते. मुलगी लातूरला शिकायला गेल्यापासून घरात आम्ही तिघंच: मी, नवरा आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

गावात डोकेदुखीचे प्रकार ठरलेले आहेत आणि ते ठरवायला डॉक्टर लागत नाही. उन्हाचं डोकं असतं, त्याला कांदा फोडून हुंगायचा आणि पन्हं प्यायचं. पित्ताचं डोकं उलटी झाली की उतरतं. नजरेच्या डोक्याला मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकतात, ठसका लागला नाही तर नजर होती हे सिद्ध. सूर्याबरोबर चढतं आणि सूर्याबरोबर उतरतं ते अर्धशिशीचं. आणि एक बायकांचं डोकं असतं. ते पाहुणे यायच्या दिवशी किंवा निंदणीच्या दिवशी दुखतं असं पारावरच्या मंडळींचं मत आहे, आणि त्यावर औषध नाही असंही त्यांचं मत आहे. मी वर्गात सजीवांचं वर्गीकरण शिकवते, तेव्हा पोरं हमखास विचारतात, "बाई, जे कशातच बसत नाही ते कुठं टाकायचं?" मला त्या पोरांबद्दल फार जिव्हाळा वाटतो.

कारण माझं डोकं कशातच बसत नव्हतं. ऊन असो नसो, उलटी होवो न होवो, डाव्या डोळ्याच्या मागे कोणी अंगठा दाबून धरल्यासारखं दुखायचं. मान आखडायची. उजेड नको व्हायचा, फोडणीचा वास नको व्हायचा, आणि हळदीच्या घरात राहून हळदीचा वास नको व्हायचा. सुरुवातीला महिन्यातून एकदा-दोनदा उठायचं. मग आठवड्याला. पुढं पुढं न दुखणारे दिवसच मोजके राहिले.

उपाय करायला घरात कोणी कमी पडलं नाही. आत्याबाईंनी सुंठ उगाळून कपाळाला लेप दिला. मग कानशिलावर बिब्ब्याची फुली घातली. ती फुली अशी काही उतली की मी आठ दिवस स्कार्फ बांधून शाळेत जात होते. डोकं थांबलं नाही, पण कानशिलाची आग इतकी होती की डोक्याकडे लक्ष द्यायला सवड मिळाली नाही. त्यानंतर कोणी तरी सांगितलं की ही अर्धशिशीच, सूर्य उगवायच्या आत उंबऱ्यात बसून दूध-जिलबी खायची. नवरा आदल्या संध्याकाळी बाळापूरहून जिलबी घेऊन यायचा. पहाटे ती चामड्यासारखी झालेली असायची. मी अंधारात उंबऱ्यावर बसून ती दुधात बुडवून चावायचे, आणि आत्याबाई पूर्वेकडे बघत "लवकर, लवकर, उगवून राहिला" म्हणून घाई करायच्या. त्या जिलबीने माझ्या ब्लाऊजची शिवण तेवढी उसवली.

डॉक्टरही झाले. आमच्याकडे डॉक्टर औषधाने नाही, हातगुणाने ओळखला जातो. दोन दिवसांत गुण आला तर देवमाणूस, नाही आला तर तिसऱ्या दिवशी दुसरा. गोळ्यांची पुडी निम्मी उरलेली असताना आपण पुढच्या दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेलो असतो, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. बाळापूरच्या डॉक्टरांनी पित्त सांगितलं. वसमतला चष्म्याचा नंबर निघाला. हिंगोलीत मानेचा मणका निघाला आणि गळ्याला पट्टा आला. एकाने नाकाचं हाड वाकडं आहे म्हटलं. एकाने काहीच न तपासता "टेन्शन घेऊ नका" असं सांगितलं, तेव्हा मला पहिल्यांदा खरं टेन्शन आलं.

या सगळ्यांपेक्षा जवळची होती ती किराणा दुकानातली गोळी. हळदीच्या कामाला येणाऱ्या सगळ्या बायांच्या कनवटीला ती असते, माझ्या पर्समध्ये असायची. चहाबरोबर घेतली की थोडा वेळ मिळायचा आणि तेवढ्यात दोन तासिका निभावून जायच्या. पहिल्यांदा एक पुरायची. मग सकाळी एक, दुपारी एक, घरी आल्यावर एक. शाळेत कोणी मला गोळी खाताना पाहिलं तर टोकायचं नाही, उलट आपल्यालाही एक मागायचं.

गेल्या दिवाळीच्या आधी, परीक्षेच्या देखरेखीवर असताना मी वर्गातच ओकले आणि खाली बसले ते उठलेच नाही. मुख्याध्यापक संध्याकाळी घरी आले, चहा घेतला, तब्येतीला जपा म्हणाले. जाताना ओसरीत नवऱ्याशी हळू आवाजात बराच वेळ बोलले. रजा किती झाल्या हे मला माहीत होतं, त्यांनी काय सांगितलं असेल तेही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "सोडून दे शाळा. त्या दगदगीनंच डोकं उठून राहिलं तुझं. घरी ऱ्हाशील, दोन घास सुखानं खाशील, आपोआप उतरंल."

तो रागावून बोलला असता तर मी भांडले असते. पण तो मायेने बोलत होता, आणि मायेशी भांडायला माझ्यात ताकद नव्हती. त्याला कसं सांगू की शाळेत मी फार मोठं काही करते असं नाही. पोरं दंगा करतात, फळा खडबडीत आहे, प्रयोगशाळेत निम्म्या परीक्षानळ्या फुटलेल्या आहेत. पण फळ्यासमोर उभी राहते तेव्हा मी डोकं दुखणारी बाई नसते. दिवसातले तेवढेच तास मी दुसरी कोणी असते. ती शाळा सुटली तर माझ्यापाशी फक्त डोकं उरेल, याची मला भीती वाटत होती. शेवटी ठरलं असं की नांदेडच्या मेंदूच्या डॉक्टरांना एकदा दाखवायचं. त्यांच्या औषधाने फरक पडला तर शाळा, नाही पडला तर वर्ष संपताना राजीनामा.

नांदेडचे डॉक्टर माझ्यापेक्षा वयाने लहान होते. मी सगळ्या चिठ्ठ्यांची पिशवी त्यांच्या टेबलावर उपडी केली. मला वाटलं, एवढा ढीग बघून हा माणूस तरी म्हणेल की बाई, तुम्ही फार सोसलं. त्यांनी एकेक चिठ्ठी उचलली आणि प्रत्येक वेळी एकच विचारलं.

"हे किती दिवस घेतलं?"

"तीन-चार दिवस."

"आणि हे?"

"एक पुडी. गुण आला नाही म्हणून मग वसमतला गेलो."

"हे?"

"हे आणलंच नाही. पट्टा आणला फक्त."

सगळ्या चिठ्ठ्या झाल्यावर ते म्हणाले, "ताई, यातलं एकही औषध फेल गेलं असं मी म्हणू शकत नाही. कारण एकही पुरतं घेतलेलं नाही."

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, माझं डोकं कशालाच दाद देत नाही. आता तुम्हीच तसं लिहून द्या, म्हणजे विषय संपेल."

ते हसले नाहीत. खुर्ची पुढे ओढून त्यांनी मला समजावून सांगितलं. उपचाराला दाद न देणारी डोकेदुखी असा खरोखरच एक वेगळा गट असतो, पण त्यात कोणाला घालायचं याला अटी असतात. आधी मूळ डोकेदुखी कुठली ते नक्की व्हायला हवं. मग ती रोखणारी औषधं, एक नाही, वेगवेगळ्या जातींची, पुरेशा मात्रेत, प्रत्येक दोन-तीन महिने तरी नेमाने घ्यायला हवीत. एवढं करूनही काही फरक पडला नाही तर दाद देत नाही असं म्हणायचं. त्यातही एक मेख आहे. रोज वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्याला त्या गोळ्यांचंच डोकं लागतं. गोळी उतरली की दुखतं, म्हणून माणूस पुन्हा गोळी खातो. ते डोकं बाजूला काढल्याशिवाय खालचं दिसत नाही.

"तुमची मूळ अर्धशिशी आहे, जुनाट झालेली," ते म्हणाले. "तिच्यावर गोळ्यांचं डोकं चढलंय. दुकानातल्या गोळ्या आजपासून बंद. हे औषध रोज. पहिले काही दिवस फार त्रास होईल. तो सोसा."

परतीच्या गाडीत मला रडू आलं, आणि ते रागाचं होतं. इतकी वर्षं दुखलं ते सगळं या माणसाने एका वाक्यात बाद केलं होतं. नापास व्हायलाही आधी परीक्षेला बसावं लागतं, असं मी पोरांना नेहमी ऐकवते. कोणी तेच मला ऐकवेल असं वाटलं नव्हतं. एवढ्यातही एक गोष्ट मनाला लागून राहिली होती, ती म्हणजे जिलबीवाल्यांचं निदान बरोबर निघालं होतं.

गोळ्या बंद केल्या. पहिला आठवडा कसा गेला ते सांगवत नाही. मी भिंतीला कपाळ लावून बसायचे आणि अधूनमधून ते भिंतीवर आपटायचे, कारण बाहेरचं दुखणं आतल्यापेक्षा बरं वाटायचं. शाळेत चार दिवस गेले नाही. मग हळूहळू सोसवण्याइतकं झालं. आत्याबाईंनी गुळवेलीचा काढा सुरू केला होता, सकाळी एक पेला, शाळेतून आल्यावर एक. तोंड वाकडं होईल इतका कडू. पण त्या स्वतः समोर उभ्या राहून पाजायच्या आणि मी निमूट प्यायचे. डॉक्टरांना मी काढ्याचं सांगितलं नव्हतं. काढा म्हणजे औषध नव्हे, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात.

महिना गेला, दुसरा गेला. डॉक्टरांची रोजची गोळी मी एकदाही चुकवली नाही. डोकं मात्र होतं तिथंच होतं. फार चढायचं नाही, उतरायचंही नाही. नवरा रोज संध्याकाळी माझ्या तोंडाकडे बघायचा आणि काही न विचारता म्हशीकडे जायचा.

मध्ये एकदा आत्याबाई नरसीला लेकीकडे गेल्या. नातवाचं जावळ होतं, आठवडाभर राहिल्या. काढाही तेवढे दिवस बंद राहिला. त्या गेल्या आणि माझं डोकं असं काही उठलं की मला पुन्हा भिंत आठवली. तीन-चार दिवस हाल झाले. नंतर एका सकाळी जाग आली तेव्हा काही तरी चुकल्यासारखं वाटलं. म्हैस हंबरत होती, शेजारच्या अंगणात झाडू फिरत होता, खिडकीतून उजेड तोंडावर आला होता, आणि कुठंच काही दुखत नव्हतं. मी हलले नाही. हलले तर परत येईल असं वाटत होतं. तसे तीन दिवस मिळाले. मग आत्याबाई परत आल्या आणि त्यांच्या मागोमाग डोकंही आलं. शिक्षकांच्या खोलीत मी हे सांगितलं तर तिथल्या बाया टेबलावर हात आपटून हसल्या. "मग नांदेडला कशाला जाता? निदान झालं की!" मीही हसले. सासूचं डोकं असा एक प्रकार वाढवून आम्ही चहा प्यायलो.

हळद शिजवायला सुरुवात झाली तशी नांदेडला परत जायची वेळ आली. वाफ, धूर, कढत हळदीचा तो उग्र वास सगळ्या शिवारात भरला होता. रविवारी दुपारी मी कामावरच्या बायांना जेवण देऊन शेतातून लवकर परतले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत स्वयंपाकघरात आत्याबाई पाट्यासमोर बसल्या होत्या. चुलीवर काढा उकळत होता. पाट्यावर दोन पांढऱ्या गोळ्या होत्या आणि आत्याबाई त्या वरवंट्याने चुरत होत्या.

"आत्याबाई, काय करताय?"

त्या दचकल्या नाहीत. बोटाने पूड गोळा करत म्हणाल्या, "काय म्हंजे? तुझा काढा."

"आणि गोळ्या?"

"घालते रोज. पैल्यापासून."

"डॉक्टरांनी बंद करायला सांगितल्या होत्या ना?"

"डाक्तरला तुझं कण्हणं ऐकू येतं का? मला येतं. भिंतीवर कपाळ आपटून राहिली व्हतीस तू. तशात शाळेत गेली न्हाईस चार दिस. अजून चार दिस घरी ऱ्हायली असतीस तर या पोरानं तुला कायमचीच घरी बसवली असती. मंग म्या घातल्या. उभी तर ऱ्हायलीस ना?"

मला त्यांचा इतका राग आला की चुलीवरचं पातेलं उलथून द्यावं असं वाटलं. माझे दोन-अडीच महिने, रोजची ती नेमाची गोळी, सगळं त्या पातेल्यात गेलं होतं. आणि त्याच वेळी असंही वाटलं की माझ्या शाळेसाठी या घरात एवढं कोणी केलं नव्हतं. मी पाट्याजवळच खाली बसले.

"आणता कुठून गोळ्या?"

"आणाया कशाला लागतेत? माझ्याच हायेत." त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडून दाखवली. तीत सुपारी होती आणि गोळ्यांचं पाकीट होतं, माझ्या पर्समध्ये असायचं तेच.

"तुम्हाला कशाला लागतात?"

"डोकं हाय ना मला."

"कधीपासून?"

"तुझा नवरा पोटात व्हता तवापासून. याच अंगाला." त्यांनी डाव्या भुवईवर बोट ठेवलं. "उजेड सोसत न्हाई तवा."

"कधी बोलला नाहीत?"

"काय बोलायचं त्यात? डोकंच हाय. हातपाय चालतेत, भाकर थापता येती." एवढं बोलून त्यांनी पाट्यावरची पूड पदराने पुसून टाकली. त्या दिवशीचा काढा ना त्यांनी पाजला, ना मी प्यायले.

नांदेडला तिघंही गेलो. ऐन हळदीत नवरा दिवस मोडून आला, कारण आज निकाल लागणार होता. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं, आत्याबाई शेजारी बसलेल्या असतानाच. आत्याबाई नरसीला असतानाच्या दिवसांबद्दल डॉक्टरांनी दोनदा विचारलं.

"मग हे महिने मला धरता येत नाहीत, ताई," ते म्हणाले. "दाद देत नाही असंही म्हणता येत नाही. ते तीन दिवस चांगले गेले, त्यावरून देईल असं वाटतं. पण सगळं पहिल्यापासून."

पहिल्यापासून हा शब्द ऐकून मला तिथल्या तिथं झोपावंसं वाटलं.

मग ते आत्याबाईंकडे वळले. "आजी, तुमचंही सांगा. काहीच दुखत नसलं तर शून्य, सोसवत नसलं तर दहा. तुमचं किती?"

आत्याबाईंनी विचार केला. खरोखर विचार केला. मग म्हणाल्या, "साहेब, दहा सांगता येईल. पण काहीच न दुखणं कसं असतं ते आता ध्यानात न्हाई. कशावरून मोजू?"

नवरा आईकडे बघत होता. आई डोकं धरून बसलेली त्याने कधी पाहिलीच नव्हती. पण तो ठरवून आला होता, ते त्याच्या तोंडून निघालंच.

"साहेब, अजून दोन-तीन महिने तसंच काढायचं म्हंता. हिची तकलीफ पाहवत न्हाई मला. म्या तर म्हंतो, शाळा सोडू द्या. घरी राहिली तर आपोआप जाईल."

डॉक्टर काही बोलायच्या आत आत्याबाई बोलल्या. आवाज चढवला नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"घरी राहून जातंय व्हय रे? म्या घरीच हाय की जन्मभर."

डॉक्टरांनी दोन वेगळे कागद घेतले आणि दोन्हींवर औषधं लिहिली. शाळा सोडायचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही. आम्ही दोघींनी दुकानातल्या गोळ्या एकाच दिवशी बंद केल्या, आणि पुढचे दिवस फार वाईट गेले.